हाळीच्या अंतरावर

मला एक स्वप्न वरचेवर पडतं. उन्हं उतरणीला लागलेली असतात आणि धारूरकडच्या एका टेकाडावर पुष्कळ माणसं कानाला हात लावून उभी असतात. कुणी दगडावर, कुणी बाभळीखाली, कुणी नुसतंच मावळतीकडे तोंड करून. सगळे बोलत असतात आणि सगळे एकच बोलत असतात. स्वप्नात मला शब्द कळत नाहीत, नुसता सूर ऐकू येतो. जाग आली तरी तो सूर खोलीत थोडा वेळ रेंगाळतो, आणि मग शेजारच्यांची पाण्याची मोटर सुरू होते.

टेकाड मात्र खरं आहे. मी काही वर्षं ज्या शाळेत शिकवायला होते, तिच्या मागेच ते होतं. गाव बालाघाटाच्या उतारात असं दडून बसलेलं, की मोबाइलची रेंज तिथवर पोचायचीच नाही. बोलायचं असेल तर टेकाड चढायचं. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त गाव ऊसतोडीला निघून जाई. मागे म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि काही कारणानं अडकलेली एखाददुसरी बाई. तिकडे कोपीवर, म्हणजे पाचटाच्या त्या झोपड्यांवर, माणसं उसाच्या फडातून परत आली की फोन लावत, म्हणून इकडची माणसं दिवेलागणीच्या आधी टेकाडावर जाऊन थांबत. परतीची बस येईपर्यंत मी शाळेच्या पायरीवर बसून वर बघत असे. उन्हात नुसत्या आकृत्या दिसत. दिवसभर बोलून माझा घसा बसलेला असे आणि डोळे मिटायला आलेले असत, त्यामुळे खरं काय पाहिलं आणि पेंगताना काय पाहिलं, याचा हिशेब आता लागत नाही.

मी मूळची आष्टीकडची. आमची बोली नगरकडे झुकलेली. त्यामुळे सुरुवातीला मी तोंड उघडलं की पोरं एकमेकांना कोपर मारून हसत. मलाही त्यांचं ‘का’ऐवजीचं ‘कावून’ ऐकून हसू येई, पण मी मास्तरीण असल्यामुळे मला ते दाबावं लागे. अशात एका प्रशिक्षणातून मी ‘दैनंदिन संवादातील भाषाशैली’ असं भारदस्त काहीतरी घेऊन आले. फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला औपचारिक, दुसऱ्या बाजूला अनौपचारिक. सहावी-सातवीचा वर्ग माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता, की मला स्वतःचाच राग आला. मी रेघ पुसली आणि म्हटलं, तुम्हीच सांगा, आपल्या गावात माणसं किती तऱ्हेनं बोलतात?

मग काय, धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. बाजारात वांगी विकतानाचं बोलणं. बैलाशी बोलणं, ते तर प्रत्येक घरात निराळं. सोयरे आल्यावर बायका आतल्या खोलीतून बोलतात ते. देवापुढचं पुटपुटणं. एकानं कंडक्टरची नक्कल केली, ‘पुढं सरका बे, पुढं काय तुमची सासू बसली का,’ आणि मी ओरडायच्या आधीच हसून मोकळी झाले. सातवीतल्या एका पोरानं शाळेत साहेब आल्यावर हेडमास्तर कसे बोलतात ते करून दाखवलं. हात पोटावर, मान कलती, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘सर’. नेमके तेव्हाच हेडमास्तर दारावरून गेले. त्यांनी बघितलं आणि तसेच पुढे गेले. भला माणूस.

फोनवरच्या बोलण्याची पाळी आली तेव्हा एक पोरगा डस्टर कानाला लावून उभा राहिला. “हां. बरं हाय. जेवलो. गेलतो शाळंत. हां. ठेव.”

वर्ग खो खो हसला, कारण प्रत्येकाचं तेच होतं. मी विचारलं, “आणि तिकडून काय म्हणतात?”

“तेच मॅडम. जेवलास का. शाळंत गेलतास का. नीट ऱ्हा. ठेवते.”

“अजून काहीच नाही?”

हसणं आपोआप खाली बसलं. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “टेकाडावर सगळेच आसत्यात ना मॅडम. ऐकत्यात.”

तेव्हा मला ते नीट कळलं. इकडे टेकाडावर सगळं गाव कान देऊन उभं, तिकडे कोपीसमोर तोडणाऱ्यांची सगळी टोळी. मधल्या मध्ये आईनं लेकराशी काय बोलावं? म्हणून ती जेवणाचं विचारते आणि लेकरू जेवलो म्हणतं. त्या दोन शब्दांत जेवढं मावेल तेवढं भरून पाठवायचं, असं चाललं होतं, आणि मी ते रोज पायरीवरून बघत होते.

“मी तर बोलतच न्हाई,” मागच्या ओळीतून आवाज आला.

बोलणारी मुलगी सहावीतली होती. सावळी, काटक, वेणी इतकी घट्ट की कपाळ ताणलेलं. शाळा उघडली तेव्हा ती वर्गातली सगळ्यात बडबडी होती. दिवाळीनंतर मात्र तिनं हजेरीपुरतं तोंड उघडलं होतं. शेजारची लगेच चहाडी करून मोकळी झाली, “ती फोनवर येतच न्हाई मॅडम. आईवर रुसलीया.”

मधल्या सुट्टीत मी तिला लिंबाखाली गाठलं. मला वाटलं, नवी चप्पल नाही आणली किंवा धाकट्या भावाला नेलं नि हिला ठेवलं, असलं काहीतरी असेल. भाऊ अंगावर पिणारा होता, त्याला नेणं भाग होतं. हिला चुलतीपाशी ठेवलं होतं. चुलतीची कंबर धरलेली, म्हणून ती यंदा तोडीला गेली नव्हती.

पोरगी लिंबाच्या काड्या मोडत बसली. मग म्हणाली, “येते म्हणली न्हाई.”

मला चटकन उलगडलं नाही. तिनं मला समजावलं, मी अगदीच ढ असल्यासारखं. घरातून कुणीही निघालं, धारूरच्या बाजाराला का होईना, की ‘येते’ म्हणायचं. राहणाऱ्यानं ‘ये’ म्हणायचं. तसं झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तिची आई पहाटे गेली. हिला झोपेतून उठवलं नाही. उठली तेव्हा अंगावर आईची वाकळ नीट खोचलेली होती आणि ट्रॅक्टर घाट उतरून गेलेला होता.

“काकूला म्हणली. शेजारनीला म्हणली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिला बी म्हणली. काकूच सांगत हुती. मला न्हाई.”

“अगं, तू झोपली होतीस.”

“उठवायचं की.”

घंटा झाली आणि ती काड्या झटकून वर्गात गेली.

आमचा भाषाशैलीचा धडा मात्र संपेना. पोरांना चटकच लागली होती. रोज कुणीतरी नवं बोलणं घेऊन येई. मीही बसमध्ये डोळे मिटून माणसं ऐकू लागले. वडवणीची एक म्हातारी शेजारच्या अनोळखी बाईला आपल्या सुनेबद्दल सांगताना आवाज कसा खाली नेते, ड्रायव्हर मेंढरांमागच्या धनगराशी बोलताना कसा मऊ होतो. अर्धवट झोपेत ही सगळी बोलणी एकमेकांत मिसळून जात, आणि मला वाटे, गावं उतरतात नि चढतात, आपण नुसतं आवाजातून चाललोय. धारूरचा किल्ला खिडकीत दिसला की मी भानावर यायची.

एके दिवशी पोरं म्हणाली, मॅडम, हाळी राहिली. हाळी म्हणजे लांबच्या माणसाला मारलेली हाक. या रानातून त्या रानात, या टेकाडावरून ओढ्यापलीकडे. ती वर्गात करून दाखवता येत नाही. मग मी सगळी वरात दुपारच्या उन्हात टेकाडावर नेली. थोड्या पोरांना ओढ्यापलीकडच्या विहिरीपाशी पाठवलं. पोरं मला नियम सांगत होती. हाळीत काम सांगायचं नाही, नुसतं माणसाला बोलवायचं. शेवटचं अक्षर वाऱ्यावर सोडून द्यायचं, ओढायचं नाही, सोडायचं. ऐकणाऱ्यानं ओ दिलीच पाहिजे, कितीही भांडण असलं तरी. ओ आली नाही तर माणसं हातातलं टाकून पळत येतात, कारण ओ नाही म्हणजे काहीतरी वाईट झालं.

“पन दिवेलागणीला पहिलीला ओ द्यायची न्हाई मॅडम,” एकजण डोळे मोठे करून म्हणाला. “दुसरीला द्यायची.”

“का रे?”

“माणूस आसंल तर परत हाक मारतंय. दुसरं काय आसंल तर येकदाच मारतंय.”

‘दुसरं काय’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. भर दुपारीही त्याच्या अंगावर काटा आलेला दिसत होता.

मुलांनी हाळ्या देऊन बघितल्या. कुणाचा आवाज फाटला, कुणाला ठसका लागला. एवढ्यात ती पोरगी कुणी न सांगता पुढे झाली. तिनं एक हात कानामागे धरला, मान थोडी वर केली.

“ए माऽऽऽय…”

आमच्याकडे आया लेकीलाच माय म्हणतात. त्या एवढ्याशा छातीतून एका जाणत्या बाईचा आवाज निघाला, भरदार, शेवटाला किंचित खरखरीत. तो ओढ्यावरून पलीकडे गेला आणि जाताना दिसावा इतका सावकाश गेला. खाली रानात तिची चुलती तुरीच्या शेंगा खुडत होती. ती कंबर धरून सरळ झाली आणि वाटेकडे बघू लागली. जाऊ परत आली की काय, असं वाटलं तिला. मग तिनं वर टेकाडाकडे बघितलं, आम्ही दिसलो, आणि ती पुन्हा वाकली. पोरगी मागे येऊन उभी राहिली.

दोन-तीन दिवसांनी चुलती शाळेत आली. पदर तोंडाशी धरून दारातच उभी राहिली.

“मॅडम, पोरीचं नाव ऱ्हाऊ द्या शाळंत, पन ती आता येनार न्हाई. सोमवारी मुकादमाची जीप जानार हाय कोप्यांवर. तिला धाडून देते.”

मला संतापच आला. मी फाडफाड बोलले. तिकडे कुठली शाळा, तिकडे ती भाऊ सांभाळणार नि भाकऱ्या थापणार, उन्हाळ्यात परत आली की नाव पटावर राहील पण पोरगी काही परत बाकावर बसायची नाही. असं होताना किती वेळा बघायचं आम्ही?

चुलतीनं सगळं ऐकून घेतलं. “मला कळंना व्हय मॅडम? पन हितं ही तोंड उघडंना, तिकडं तिच्या मायला घास उतरंना. रोज फोनवर रडतीया. पोरीनं मला तोडलं म्हनतीया. मी तरी काय करू? त्यापरीस जवळ तरी ऱ्हाईल.”

मी पोरीला बोलावलं. “तुला जायचंय का कोपीवर?”

“न्हाई.”

“मग एकदा फोनवर बोल की आईशी. नाहीतर नेतील.”

तिनं मान ताठ केली. नेलं असतं तरी ती बोलली नसती, एवढं मला तिच्या मानेवरून दिसलं. असला ताठा मला ओळखीचा आहे, माझाही तसाच आहे.

शनिवारी शाळा दुपारीच सुटली, पण मी गेले नाही. संध्याकाळी चुलती-पुतणीबरोबर टेकाड चढले. मी रोज खालून ज्या आकृत्या बघायची, त्यांत त्या दिवशी मीही एक होते. वर वारा गार होता. माणसं नेहमीच्या आपल्या जागा धरून उभी होती, जशी देवळात धरतात. हां, बरं हाय, जेवलो. पोरगी आमच्यापासून दूर, टेकाडाच्या टोकाच्या खडकावर पाठ करून बसली.

फोन वाजला. चुलती थोडं बोलली, “ती येईना गं,” म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

आता गंमत बघा. एवढं शैली-शैली शिकवणारी मी, फोन कानाला लागल्याबरोबर पालकसभेत जाऊन बसले. “नमस्कार, मी वर्गशिक्षिका बोलतेय. आपली मुलगी अभ्यासात चांगली आहे.” पलीकडून तिनंही साहेबापुढचा आवाज काढला. “हां मॅडम. बरं हाय मॅडम. तुमचं ध्यान आसू द्या मॅडम.” दोघी दोन बाजूंना अंग चोरून उभ्या. मागे कुठेतरी ट्रॅक्टर धडधडत होता, लेकरू किरकिरत होतं.

मग मी आमच्या आष्टीच्या अंगणात बोलते तशी बोलले. “अगं बाई, ऐक माझं. परवा पोरीनं तुझी हाळी काढली. हितंच, या टेकाडावर. अशी हुबेहूब, की तुझी जाऊ रानातून वाटेला बघाया लागली, तू आलीस म्हणून. पोरीनं तुला तोडलं नाय गं. तू पहाटे तिला येते म्हणली नाय, एवढंच आहे तिच्या मनात.”

पलीकडे तिनं लेकराला ‘उगी’ म्हटलं.

“कुठं हाय ती?” आवाज आता निराळाच होता.

“खडकावर. पाठ करून बसलीय.”

“किती लांब?”

मी बघितलं. “हाळीच्या अंतरावर.”

“फोन वर धरा मॅडम.”

मी स्पीकर लावला आणि हात उंच केला. तिकडे, सगळ्या टोळीसमोर, त्या बाईनं हाळी दिली. त्या एवढ्याशा फोनला ती कुठे पेलणार? आवाज फाटून, चिरफाळून बाहेर आला. तरीही टेकाडावर जो जो बोलत होता, तो गप्प झाला. म्हाताऱ्यांनी कानावरचे फोन खाली घेतले.

पोरगी हलली नाही.

वारा वाहत होता. खाली गावात एकेक दिवा लागत होता. माझ्या कोपराला कुणीतरी शिवलं. तो परवाचा पोरगा होता. “मॅडम,” तो कुजबुजला, “दिवेलागण झालीया. पहिलीला देत न्हाईत.”

मला ठाऊक होतं. पण ते तिकडे, चुलीच्या धुरात उभ्या असलेल्या त्या बाईला आठवत असेल का? टोळीसमोर एकदा छाती फोडून हाक मारायची, उत्तर यायचं नाही, आणि तरीही पुन्हा मारायची? माझा हात भरून आला होता, पण मी तो खाली घेतला नाही. मी देवाचं नाव घेत होते, हे सांगायला लाज कशाला वाटायला हवी?

फोन खरखरला.

“ए माऽऽऽय…”

“ओऽऽऽऽ!”

पोरगी आमच्याकडे वळली नव्हती. ती खडकावर उठून उभी राहिली होती आणि समोरच्या मोकळ्या दरीकडे तोंड करून तिनं ओ दिली होती, आई तिकडून चढून येत असल्यासारखी. मग ती वळली आणि दगडधोंड्यांवरून आमच्याकडे अशी धावत आली, की मला वाटलं आता पडते. तिनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. स्पीकर बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

“जेवलीस का?” आईनं विचारलं.

“न्हाई.”

टेकाडावर पहिल्यांदाच कुणीतरी न्हाई म्हणालं असेल. त्या सोमवारी जीप गेली, तेव्हा तिच्यासाठी धरलेली जागा रिकामीच गेली, आणि पोरगी वर्गात पुन्हा मला नको नको होईस्तोवर बडबडू लागली. पण ते पुढचं. तेव्हा आम्ही सगळे नुसते उभे होतो. आभाळात थोडा उजेड होता. मी जागी आहे की बसमध्ये पेंगतेय, असं मला क्षणभर वाटून गेलं.

“उठवलं न्हाई तुला,” आई म्हणत होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तुझं तोंड बघितलं आसतं तर माझा पाय उंबऱ्याभाईर पडला नसता, माय. म्हनून न्हाई उठवलं.”

पोरगी फोनच्या कडेवर नख घासत होती. “मग आत्ता म्हन.”

“काय?”

“म्हन की.”

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला होता. लेकरूही गप्प होतं.

“येते गं माय,” आई म्हणाली.

“ये,” पोरगी म्हणाली, आणि फोन चुलतीच्या हातात देऊन जेवायला खाली गेली.